सिग्नलला बंद पडणारी, हायवेला नीट पळणारी गाडी: कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलचा कमी रेसवरचा दोष कसा शोधायचा

मुंबईत सायनच्या सिग्नलला उभं राहिलं की रेस डगमगते, ग्रिप दोन-तीनदा पिळत राहावी लागते, आणि हिरवा दिवा लागल्यावर क्लच सोडताना इंजिन गचका खाऊन बंद पडतं. तीच गाडी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर साठच्या वेगाला बिनतक्रार पळते. अशा गाडीवर सहसा एकच उपाय होतो: आयडलचा (ग्रिप न पिळता चालणाऱ्या रेसचा) स्क्रू थोडा आवळायचा, मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू कानाने फिरवायचा आणि गाडी परत द्यायची. आठवडाभरात तक्रार पुन्हा येते, कारण स्क्रू फिरवून दोष झाकला जातो, जात नाही. मिक्श्चरचा स्क्रू हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. त्याला पहिला हात लावला की मूळ सेटिंगही हरवतं आणि दोषही सापडत नाही.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, जवळजवळ गेलाच. त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या स्प्लेंडर, प्लॅटिना, डिस्कव्हर, पल्सर, युनिकॉर्न, अपाचे या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतली रबरं, ओ-रिंगा, केबली आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा मोकळा खेळ ठरवणारे स्क्रू) सगळंच जुनं झालेलं असतं. पुढचं सारं अशा एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी आहे.

आरपीएम नको, ग्रिप बघा

इंजिनाचे फेरे किती आहेत यापेक्षा थ्रॉटल किती उघडा आहे यावर पेट्रोलची वाट ठरते. ग्रिप बंद असल्यापासून साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत काम पायलट जेटचं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत स्लो जेटचं. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी. तिथून पाव ग्रिपपर्यंत स्लाइडच्या (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या भागाच्या) तळाचा तिरपा काप आणि स्लो जेट मिळून काम करतात. पाव ते पाऊण निडल (स्लाइडला लटकणारी सुई) आणि निडल जेट, आणि त्यापुढे मेन जेट. सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्या क्षणी मेन जेटचा काही संबंधच नसतो.

ग्रिपवर पांढऱ्या टेपची एक पट्टी लावा आणि स्विचच्या डब्यावर बंद, एक-अष्टमांश, पाव आणि अर्धा अशा खुणा करा. पहाटे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ग्रिप प्रत्येक खुणेवर काही सेकंद स्थिर धरा आणि गाडी नेमकी कुठे अडखळते ते लिहून ठेवा. अर्ध्या ग्रिपवरही अडखळत असेल तर दोष फक्त स्लो जेटचा नाही.

मग गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये तपासा. उभी असताना आयडल स्थिर आणि रेस गुळगुळीत, पण चालवताना कमी वेगाला झटके, असं असेल तर आधी चेन बघा. २० ते ३० मिलिमीटरपेक्षा जास्त ढिली किंवा जागोजागी आखडलेली चेन आणि मागच्या हबमधली झिजलेली कुश रबरं हुबेहूब मिसिंगसारखे झटके देतात. यासाठी कार्ब्युरेटर विनाकारण उघडले जातात.

पेट्रोल कमी की जास्त

चोक ओढल्यावरच आयडल टिकतं, ग्रिप सोडल्यावर रेस लोंबकळत उशिरा खाली येते, उतारावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, ग्रिप झटक्यात उघडली की इंजिन क्षणभर मरतं: ही सगळी पेट्रोल कमी पडल्याची किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरत असल्याची लक्षणं.

सकाळी थंड इंजिन छान चालतं आणि तापल्यावर बिघडतं, धूर काळा, प्लगवर काजळी, पेट्रोलचा वास, ग्रिप सोडल्यावर रेस आयडलच्याही खाली बुडी मारून वर येते: इथे पेट्रोल जास्त जातंय.

थंड असताना ठीक पण तापल्यावर आयडल मरतं आणि प्लग मात्र कोरडा व स्वच्छ, असं असेल तर टॅपेट किंवा इग्निशनकडे संशय वळवा. हँडल वळवल्यावर रेस वाढत असेल तर थ्रॉटल केबल ताणली जातेय. ग्रिपवर २ ते ६ मिलिमीटर मोकळा खेळ हवा आणि हँडल दोन्ही टोकांना नेलं तरी आयडल हलता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडून टाकीचं झाकण उघडताच चालू होणाऱ्या गाडीत झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असतं.

कार्ब्युरेटर उघडण्याआधी

सुरुवात पेट्रोलपासून. फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर, पाण्याचे गोळे किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकीपासून सफाई लागेल. पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पावसात झाकणाच्या रबरातून पाणी झिरपत राहिलं तर एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात. रिझर्व्हचं तोंड तिथेच असतं. म्हणून रिझर्व्हवर घेतल्यावरच गाडी मिसिंग मारत असेल तर पाणी धरूनच चालावं. टाकीतून येणारी धार बारीक असेल तर त्याचा त्रास आधी जोरात पळवताना होतो, आयडलला फारच थोडं पेट्रोल लागतं.

प्लग काढा. इलेक्ट्रोडमधलं अंतर गाडीप्रमाणे ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असतं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. पांढऱ्या चिनी मातीला तडा असेल तर प्लग साफ करत बसू नका, नवा घाला. प्लग कॅप हा मुंबईत दुर्लक्षित राहणारा भाग आहे. पाणी साचलेल्या रस्त्यातून एकदा गाडी काढली की कॅपमध्ये ओल राहते आणि आतला स्क्रू हिरवा पडतो. कॅप फिरवून काढा, वायरचं टोक पाच मिलिमीटर कापा आणि ताज्या तांब्यात कॅप पुन्हा घट्ट बसवा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि निळसर ठिणग्या इंजिनावर उडताना दिसल्या, तर वायर गेली. तेव्हा हात लांब ठेवा.

एअर फिल्टर उघडून बघा. पेपर फिल्टर भिजून वाळला असेल तर तो बदलायचाच, हवा मारून उपयोग नाही. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून पिळून घालतात. एअर बॉक्सच्या तळाच्या नळीत पाणी साठलंय का तेही बघा.

आता टॅपेट. कमी रेसवरच्या तक्रारीत एअर लीकच्या खालोखाल हेच कारण सापडतं, आणि हेच तपासायचं राहून जातं. एक्झॉस्ट टॅपेट आवळलं गेलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. जास्त फेऱ्यांवर गळायला वेळच मिळत नाही, म्हणून हायवेला काही जाणवत नाही. आयडलला प्रत्येक फेरा लांब असतो आणि तिथेच दाब निसटतो. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, म्हणून त्रास तापल्यावर वाढतो. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून ते ठीक, असं समजू नका. आवळलेलं टॅपेट गप्पच असतं.

तपासणी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच करायची. प्लग काढून मॅग्नेटो फिरवा, टी खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) जुळवा आणि दोन्ही रॉकर मोकळे आहेत याची खात्री करा. मोकळे नसतील तर अजून एक पूर्ण फेरा द्या. फिलर गेजने अंतर मोजा. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत ते ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असतं. पानाला हलका अडसर जाणवला पाहिजे. आवळताना चौकोनी डोकं धरून ठेवून नट बसवा आणि नट बसल्यावर पुन्हा मोजा, कारण नटासोबत स्क्रूही फिरतो. कार्ब्युरेटरच्या, युनिट कन्स्ट्रक्शन (यूसीई) इंजिनाच्या बुलेट आणि क्लासिकमध्ये हायड्रॉलिक टॅपेट असल्याने हे काम नसतंच.

कॉम्प्रेशन गेज मिळालं तर ग्रिप पूर्ण उघडी धरून पाच-सहा किक मारा. तब्येतीच्या इंजिनाला साधारण १० ते १३ किलो दाब येतो. फार कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतोय. अशा इंजिनावर कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी आयडल बसणार नाही.

हवा शिरते कुठून

कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं रबरी मॅनिफोल्ड दाबून, वाकवून बघा. तडे बहुधा खालच्या बाजूला असतात, वरून दिसत नाहीत. मॅनिफोल्डच्या जागी काळा इन्सुलेटर असेल तर त्याची ओ-रिंग चपटी आणि कडक झालेली असते. ती नवी घालायची, सीलंट फासून चालवायची नाही. सीलंटचे तुकडे आत जातात.

चाचणी उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये, चाळीच्या गॅलरीत किंवा जवळ कुठे दिवा-समई जळत असताना नाही. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि कार्ब क्लीनरची बारीक नळी लावून सांध्यांवर क्षणभराचा फवारा मारा: मॅनिफोल्डच्या दोन्ही कडा, इन्सुलेटर, बटरफ्लायच्या (हवेची वाट उघडणाऱ्या गोल पात्याच्या) दांडीची दोन्ही टोकं, व्हॅक्यूमच्या नळ्या. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर फवारा जाऊ देऊ नका. जिथे मारल्यावर रेस बदलते तिथून हवा शिरतेय. दांडीच्या टोकाशी बदलली तर तिची भोकं झिजली आहेत आणि त्यावर टिकाऊ उपाय म्हणजे कार्ब्युरेटर बदलणं.

कार्ब्युरेटरचा फ्लँज फार आवळल्याने वाकतो. तो काढून काचेच्या तुकड्यावर ठेवा. डोलत असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासून सपाट करा, मग सगळी कीस धुऊन काढा. बसवताना दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे.

काही गाड्यांत सायलेन्सरला ताजी हवा देणारी नळी असते. फटफट आवाज तिच्या व्हॉल्व्हमुळेही येतो. ती नळी तात्पुरती बंद करून आवाज गेला तर कार्ब्युरेटर निर्दोष आहे.

आता कार्ब्युरेटर

पेट्रोल कॉक बंद करा, चेंबर रिकामं करा आणि प्रत्येक नळी-वायरचा फोटो घ्या. जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरचे प्लस स्क्रू जेआयएस मापाचे असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी खराब होतात, म्हणून नीट बसणाराच घ्या. जेटसाठी पात्याची रुंदी आणि जाडी खाचेत पूर्ण भरली पाहिजे. पितळ लगेच फाटतं. बाजूला थ्रॉटल पोझिशन सेन्सर असेल तर त्याचे स्क्रू सोडू नका. त्याची जागा हलली की इग्निशनचं वेळापत्रक बिघडतं.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हळू आत फिरवत हलकेच टेकेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजा, पावकीपर्यंत, आणि लिहून ठेवा. जोर दिला तर टोकाला कंगोरा पडतो आणि ज्या भोकात ते बसतं तेही फाकतं. स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर, मग ओ-रिंग असा क्रम असतो. ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहते. ती न काढता नवी घातली तर सेटिंग कधीच बसत नाही.

स्लो जेट उजेडाकडे धरून बघा. केहिनच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ३८ नंबर म्हणजे ०.३८ मिलिमीटर. इतक्या भोकाला पेट्रोलच्या चिकट थराचा पापुद्राही पुरतो. मिकुनीच्या नंबरांची पद्धत वेगळी आहे, दोन्ही कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. भोक उजेडात नीट गोल दिसलं पाहिजे. अंधुक दिसणं म्हणजे अर्धं बुजलेलं. जेट कार्ब क्लीनरमध्ये तासभर भिजवा, मग लवचिक वायरमधला तांब्याचा एकच बारीक तंतू आरपार घाला. ब्रेक केबलची तार किंवा सुई घालू नका, पोलादाने भोक कायमचं मोठं होतं. जेटच्या अंगावरची आडवी भोकंही मोकळी हवीत.

जेट साफ झाला म्हणजे काम संपत नाही, बहुतेक सफाई इथेच अर्धवट राहते. मिक्श्चर स्क्रूच्या भोकात क्लीनरची नळी घट्ट धरून फवारा मारा आणि इंजिनाच्या बाजूने नळीच्या आत डोकावा, चष्मा लावून. एक छिद्र आयडलचं असतं. बटरफ्लायच्या कार्ब्युरेटरमध्ये पात्याच्या कडेजवळ आणखी दोन-तीन बारीक छिद्रं असतात. प्रत्येकातून वेगळी, सरळ धार आली पाहिजे. आयडल उत्तम पण ग्रिप जरा उघडताच इंजिन मरतं, त्याचा दोष नेमका या बाजूच्या छिद्रांत असतो. एअर फिल्टरच्या तोंडाशी असलेली स्लो जेटची हवेची वाटही तशीच उलट-सुलट मोकळी करा, मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची कोरडी हवा मारा. क्लीनर वापरण्याआधी रबरी डायफ्रॅम आणि ओ-रिंगा बाजूला काढा, त्याने त्या फुगतात.

फ्लोटची सुई नखावर टेकवून बघा. टोकाच्या कोनावर गोल खाच पडलेली असेल तर बदला. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो गळका आहे. पातळी तपासायला ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती चेंबरच्या बाजूने उभी धरा, ड्रेन स्क्रू उघडा आणि पेट्रोल ऑन करा. नळीतली पातळी चेंबरच्या सांध्याच्या थोडी खाली स्थिरावली पाहिजे. नेमके मिलिमीटर मॅन्युअलमध्ये असतात. सांध्याच्या वर गेली तर तापल्यावर आयडल गुदमरणारच, स्क्रू कितीही फिरवा.

डायफ्रॅमच्या कार्ब्युरेटरमध्ये रबर उजेडात ताणून सुईएवढं भोक शोधा. साध्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइडचा तिरपा काप एअर फिल्टरकडेच हवा. उलटी बसली तर आयडल उतरतच नाही. निडल जेटकडेही लक्ष द्या. शहरात गाडी वर्षानुवर्षं पाव ग्रिपच्या आतच चालते, त्यामुळे निडल एकाच जागी घासते आणि जेटचं भोक लंबगोल होतं. मग एक-अष्टमांश ते पाव ग्रिपवर पेट्रोल जास्त जातं आणि स्लो जेट बदलून काही फरक पडत नाही. निडल आणि निडल जेट जोडीनेच बदलायचे. ऑपेरा हाउसच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत जाताना जुना भाग सोबत न्या आणि नंबर जुळवूनच घ्या.

सेटिंग

दहा मिनिटं चालवून इंजिन नीट तापवा. स्क्रू कोणत्या प्रकारचा ते आधी ठरवा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा: बाहेर काढला की पेट्रोल कमी. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल-मिश्रणाचा: बाहेर काढला की पेट्रोल जास्त. ही गफलत झाली की सगळं उलटं होतं.

लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर, ते नसतील तर दीड फेऱ्यावर सुरुवात करा. आयडल जरा चढं ठेवा. स्क्रू पाव फेरा फिरवा, दहा सेकंद थांबा, ऐका. रेस सर्वांत चढी आणि एकसारखी होते ती जागा शोधा. तिच्या दोन्ही बाजूंना रेस पडायला लागते, त्यांच्या मधोमध थांबा. मग आयडलच्या स्क्रूने १३०० ते १५०० फेरे ठेवा, १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना हेच लागतात. मिश्रणाचा स्क्रू तीन फेऱ्यांहून जास्त बाहेर काढावा लागला तर वाट अजून बुजलेली आहे किंवा हवा शिरतेय. पाऊण फेऱ्याच्या आत बसत असेल तर पेट्रोलची पातळी चढी किंवा जेट मोठा आहे. हवेच्या स्क्रूला याच्या उलट समजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

सगळं निर्दोष असूनही गाडी पेट्रोल कमी पडल्याची लक्षणं दाखवत असेल तर कारण पंपावर आहे. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जेट आता सुमारे ८ टक्के कमी पडतो. इंजेक्शनची गाडी हे स्वतः सावरते, कार्ब्युरेटर सावरू शकत नाही. स्क्रू पाव ते अर्धा फेरा पेट्रोल वाढेल त्या बाजूला न्या. तेवढ्याने भागलं नाही तर स्लो जेट एक नंबर मोठा घ्या.

पीयूसीचं मशीन यात फार उपयोगी पडतं. सर्टिफिकेटसाठी गेलात की आयडलवरचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे दोन्ही आकडे वाचा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) नसलेल्या जुन्या गाडीत पहिला आकडा १ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर आयडलचं मिश्रण योग्य आहे. तो चार-पाचच्या घरात गेला तर पेट्रोल जास्त. पहिला अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र खूप, असं असेल तर मिश्रण इतकं पातळ आहे की काही ठिणग्या वाया जातायत. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत हे आकडे आत धुऊन निघतात, त्यावरून सेटिंग करू नका.

मुंबईत समुद्रसपाटीला बसवलेली गाडी महाबळेश्वरच्या घाटात थोडी जड चालेल. साडेतेराशे मीटर उंचीवर हवा विरळ असते, पेट्रोल तेवढंच जातं. तिथे स्क्रूला हात लावू नका. आणि गणपतीला दोन-तीन आठवडे गावी जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी कॉक बंद करून चेंबरचं पेट्रोल ड्रेन स्क्रूतून पूर्ण काढून टाका, टाकी भरलेली ठेवा आणि झाकणावर प्लास्टिक बांधा. स्लो जेट बुजतो तो उभ्या गाडीच्या चेंबरात वाळणाऱ्या पेट्रोलने.